रात्री दहाचं रक्त आणि रोजची पाय-धुणी: आमच्या घरातला हत्तीरोग

लातूर, नांदेड आणि धाराशिव हे मराठवाड्यातले तीन जिल्हे हत्तीरोगग्रस्त जिल्ह्यांच्या सरकारी यादीत असायचे. तरीही आमच्या औसा तालुक्यात कुणाचा पाय सुजला की लोक आधी वात म्हणतात, मग मूत्रपिंड, मग करणी. आईच्या डाव्या पायाचं तसंच झालं. घोट्याभोवती सूज यायची, रात्री पाय उशीवर ठेवला की सकाळी उतरायची. पुढं उतरेनाशी झाली. पावसाळ्यात एकदोनदा थंडी वाजून ताप, जांघेत अवधाण (दुखरी गाठ), पाय लालबुंद. खाजगीत रक्तवाहिन्यांचं डॉपलर झालं (१,८०० रुपये), लघवी-किडनीच्या तपासण्या झाल्या (९०० च्या आसपास), सगळं नॉर्मल. या तपासण्या वाया गेल्या असं मी म्हणणार नाही. एका पायाच्या सुजेत शिरेतली गुठळी नाही ना, हे बघावंच लागतं. पण फायलेरियाचं, म्हणजे हत्तीरोगाचं, नाव कुणी काढलं नाही, आणि आम्हालाही विचारायचं सुचलं नाही.

२०२३ च्या जानेवारीत गावात रात्रीचं रक्तसर्वेक्षण आलं. हे काम हिवताप विभागाकडे असतं. हत्तीरोगासाठी कुठं जायचं हे ठाऊक नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा हिवताप अधिकारी कार्यालयात विचारायचं, ‘त्वचारोग’ किंवा ‘हाडाचे डॉक्टर’ या खिडक्यांवर नाही. आशाताईंनी दिवसा घरोघर सांगितलं, आणि रात्री साडेनऊनंतर आरोग्यसेवक आणि लॅबवाले बॅटऱ्या घेऊन फिरले. पारावरचे म्हातारे चिडले, “दिवसा येता येईना का ह्यान्ला?” दिवसा येऊन खरंच भागत नाही. हा रोग एका जंतामुळं होतो. या जंताची पिल्लं, म्हणजे मायक्रोफायलेरिया, दिवसा फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री दहा ते दोनच्या दरम्यान सर्वांत जास्त संख्येनं बोटापर्यंतच्या रक्तात येतात. हा रोग पसरवणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो, त्याच्या वेळेशी हे जुळलेलं आहे. दुपारी रक्त घेतलं तर अंगात जंत असूनही काच कोरी दिसते.

साखर कारखान्यात किंवा वॉचमन म्हणून कायम रात्रपाळी करणाऱ्यांनी इथं एक गोष्ट सांगायला हवी. झोपेची वेळ उलटली की पिल्लांचं वेळापत्रकही उलटतं. अशा माणसाचं रक्त त्याच्या झोपेच्या वेळी घ्यावं लागतं. आमच्या गल्लीतल्या एकानं हे आपणहून सांगितलं, तेव्हा त्याचा नमुना वेगळा घेतला गेला.

नमुना घेणं दोन मिनिटांचं काम. डाव्या हाताची अनामिका स्पिरिटनं पुसतात आणि वाळू देतात. ओल्या स्पिरिटवर टोचलं तर आग होते आणि थेंबही नीट धरत नाही. टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकतात, मग साधारण २० घन मिलिमीटर रक्त काचेवर घेऊन जाडसर पसरतात. काच आडवी ठेवून वाळवावी लागते आणि झाकावीही लागते, कारण माश्या आणि मुंग्या ओलं रक्त चाटून नेतात, मग तपासायला काही उरत नाही. वाळल्यावर पाण्यात ठेवून तांबडा रंग काढतात, मग मिथेनॉल आणि रंगद्रव्य. रंग काढायचं काम आठवडाभर रेंगाळलं तर रक्त काचेला पक्कं धरून बसतं आणि काच वाचता येत नाही. त्यामुळं ‘पुन्हा नमुना द्या’ असा निरोप आला तर घाबरू नका, बहुतेक वेळा काच बिघडलेली असते.

रक्त देताना काचेवरचा क्रमांक आणि वहीतला घरक्रमांक मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. एका गावात एका आडनावाची वीस घरं, त्यात वडिलांची नावंही सारखी. निकाल शोधताना आमच्याकडे क्रमांक होता म्हणून भागलं. निकालाला तीन आठवडे लागले. ‘निगेटिव्ह असेल तर कळवत नाहीत’ असं एका कार्यालयात सांगितलं गेलं. तरी विचारत राहावं.

सर्वेक्षणाबद्दल एकच तक्रार आहे. जानेवारीत आमच्याकडची कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली असतात. फडावर, पालात, उघड्यावर झोपणारी हीच माणसं सर्वांत जास्त डास खातात आणि यादीत तीच सुटतात. टोळ्या परतल्यावर, अक्षय्य तृतीयेच्या पुढे एक फेरी ठेवली तर बरं होईल. तोवर अशा घरांतल्या माणसांनी गावी आल्यावर आशाताईंना सांगून नमुना देण्याची सोय विचारावी.

निकाल आला तो उलटाच. आई निगेटिव्ह आणि मी पॉझिटिव्ह. माझ्या अंगावर ना सूज, ना ताप, ना गाठ. सगळा घोटाळा इथं होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडचा जंत वुचेरेरिया बँक्रॉफ्टी. मोठी मादी आठ-दहा सेंटिमीटर, नर चारेक सेंटिमीटर, दोऱ्यासारखे, लसिकावाहिन्यांत गुंता करून राहतात. अंगातलं जादा पाणी परत रक्तात नेणाऱ्या या वाहिन्या. तिथं ते सरासरी सहा ते आठ वर्षं जगतात आणि मादी लाखोंनी पिल्लं सोडते. ती पाव मिलिमीटरची, ती रक्तात. डास रक्तासोबत पिल्लं गिळतो. डासाच्या अंगात त्यांची संख्या वाढत नाही, फक्त वाढ होते. दहा-बारा दिवसांत त्यांची रोगकारक अळी बनून डासाच्या सोंडेत येते. पुढं डास चावताना ती इंजेक्शनसारखी आत टोचली जात नाही. ती कातडीवर सांडते आणि चावल्याच्या छिद्रातून स्वतः आत शिरते. म्हणून एकदोन चाव्यांनी सहसा काही होत नाही. महिनोन् महिने, शेकडो चावे लागतात.

वर्षानुवर्षं जंतांनी ताणलेल्या वाहिन्या सैल पडतात, त्यांच्या झडपा निकामी होतात, पाणी पायात साचू लागतं. तोवर जंत बहुधा मेलेले असतात. म्हणून ज्याचा पाय हत्तीसारखा झालाय त्याच्या रक्तात अनेकदा काही सापडत नाही, आणि ज्याच्या रक्तात पिल्लं आहेत तो टुणटुणीत हिंडत गावाला रोग वाटत असतो. आईचा निगेटिव्ह रिपोर्ट घेऊन एका दवाखान्यात गेलो तर ‘मग हा फायलेरिया नाही’ असं उत्तर मिळालं. ते चूक होतं. सुजेचं निदान पाय बघून, इतिहास विचारून आणि इतर कारणं वगळून होतं. जंत आणि पाय ही दोन वेगळी कामं आहेत. गोळ्या जंतासाठी असतात, पायासाठी साबण-पाणी.

रात्री जागायला नको असेल तर दुसरी एक तपासणी आहे, फायलेरिया टेस्ट स्ट्रिप. बोटाचं ७५ मायक्रोलिटर रक्त, कोणत्याही वेळी, दहा मिनिटांनी वाचायची. ती मोठ्या जंताचं प्रतिजन, म्हणजे जंतातून रक्तात उतरलेला पदार्थ, पकडते. मात्र दहाच्या ऐवजी अर्ध्या तासानं बघितलं तर खोटी रेघ उमटू शकते. सर्वेक्षणांत ती वापरतात, पण प्रत्येक आरोग्य केंद्रात मिळेलच असं नाही.

बाहेरदेशी जाऊन आलेल्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण मराठवाड्यातली पोरं बोअरच्या गाड्या, बांधकाम आणि शांतिसेनेच्या निमित्तानं आफ्रिकेत जाऊ लागलीत. तिकडं अशाच जातीचा दुसरा जंत आहे, ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस. तो डासातून येत नाही, चावणाऱ्या काळ्या माशीतून येतो. ही सिम्युलियम माशी बुटकी, पाठीला पोक असलेली, दिवसा चावणारी. क्युलेक्सला गटारीचं साचलेलं घाण पाणी लागतं, हिला खळाळतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी, म्हणून नदीकाठच्या वस्त्या भोगतात. माशी कातडी खरवडून वर आलेलं रक्त पिते आणि कातडीतली पिल्लं तिच्या पोटात जातात. या जंताची पिल्लं रक्तात नसतात, कातडीत आणि डोळ्यात असतात. परिणाम म्हणजे वेड लावणारी खाज, कातडीखाली गाठी आणि शेवटी अंधत्व. याची तपासणी रक्ताची नसते, कातडीचा तांदळाएवढाही नाही असा तुकडा काढून मिठाच्या पाण्यात ठेवतात, पिल्लं त्यातून बाहेर येतात. भारतात हा रोग पसरलेला नाही. पण तिकडून आलेल्यानं डीईसी ही हत्तीरोगावरची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना ‘मी अमुक देशात होतो’ हे सांगायलाच हवं. डीईसीनं कातडीतली आणि डोळ्यातली पिल्लं एकदम मरतात आणि त्या दणक्यात दृष्टी जाऊ शकते. तिथं म्हणूनच आयव्हरमेक्टिन देतात. हे औषध ज्या संशोधनातून आलं त्याबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं.

गावात हमखास विचारतात, हे गुराढोरांपासून लागतं का? नाही. बँक्रॉफ्टीला माणूसच लागतो. बैल फाडला की पोटात दिसणारे पांढरे दोरे सेटारिया नावाच्या वेगळ्या जंताचे, तेही डासांमुळेच येतात. परदेशात गुरांमध्येही काळ्या माशीतून पसरणारे ऑन्कोसर्काचे प्रकार आहेत. कुत्र्यांच्या हृदयातला जंतही डासच पसरवतो. कीटक सारखा असला तरी जंत आपापलं घर सोडत नाहीत. क्वचित कुत्र्याचा एखादा जंत माणसाच्या डोळ्यात किंवा कातडीखाली चुकून येतो, पण त्यानं हत्तीपाय होत नाही.

आता माझ्या गोळ्या. डायइथाइलकार्बामाझिन, सगळे डीईसीच म्हणतात. हिशेब शरीराच्या वजनाला किलोमागे ६ मिलिग्रॅम रोज, सलग १२ दिवस. पन्नास किलोच्या माणसाला रोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे १०० च्या तीन गोळ्या, तीन जेवणांनंतर एकेक. आरोग्यसेवक घरी आणून देतात, पैसे लागत नाहीत. उपाशीपोटी घेतली की मळमळ आणि गरगर ठरलेली, म्हणून भाकरी पोटात गेल्याशिवाय नाही. पहिले दोनतीन दिवस अंग मोडून येतं, बारीक ताप, डोकं जड. हा त्रास औषधाचा कमी आणि मरणाऱ्या पिल्लांचा जास्त असतो. अंगात जंत नसलेल्याला सहसा एवढं होत नाही. पॅरासिटामॉलनं भागतं. काहींना जांघेत किंवा अंडाशी दुखरी गाठ येते, तीही मेलेल्या मोठ्या जंताभोवतीची. या दिवसांत बरेच लोक गोळ्या सोडतात. ‘सोसली नाही’ म्हणून डबी कोनाड्यात. बारा दिवस पुरे करा, आणि त्रास जास्त असेल तर सोडण्याआधी फोन करा. नंतर रात्रीचा नमुना पुन्हा द्यायचा असतो. माझा दुसरा निगेटिव्ह आला.

याखेरीज गावात सामूहिक औषधोपचाराची फेरी आली तर ती वेगळी. त्यात एकदाच मात्रा असते: डीईसी वयाप्रमाणे (२ ते ५ वर्षं १०० मिलिग्रॅम, ६ ते १४ वर्षं २००, त्यापुढं ३००) आणि अल्बेंडाझोल हे जंतनाशक ४००. काही जिल्ह्यांत तिसरं आयव्हरमेक्टिनही असतं, ते उंची मोजून देतात आणि पाच वर्षांखालच्यांना देत नाहीत. दोन वर्षांखालची बाळं, गरोदर बाया आणि अंथरुणाला खिळलेले आजारी यांना कोणतीच नाही. सूज असलेल्यांनीही या फेरीत गोळ्या घ्यायच्या. आशाताई ‘माझ्यासमोर गिळा’ म्हणतात त्यावर रागवू नका. हातात दिलेल्या गोळ्या किती घरांत खिडकीवर पडून असतात, ते त्यांनी बघितलेलं असतं.

आईचं काम लांबलं. आरोग्य केंद्रातून टब, मग, साबण, टॉवेल आणि मलम असा संच मिळाला आणि तिथल्या सिस्टरनी एकदा पाय धुऊन दाखवला. ते बघायलाच हवं, नुसतं ऐकून जमत नाही. पाणी साधं, फार तर किंचित कोमट. आमच्याकडे सुजेवर कडकडीत पाणी ओतायची सवय, त्यानं सूज वाढते आणि बधिर कातडी भाजते. अंगाचा साधा साबण हातावर फेसाळून घ्यायचा, वडी पायावर घासायची नाही. सुरुवात गुडघ्यापासून, हळूहळू खाली. कातडीच्या घड्या आणि बोटांच्या बेचक्या शेवटी, पातळ गॉजची पट्टी बेचकीतून अलगद ओढत. मग पाणी नितळ येईपर्यंत धुणं. दोन्ही पाय धुवायचे. टब-मगानं चार-पाच लिटरमध्ये होतं, त्यामुळं उन्हाळ्यात टँकरच्या दिवसांतही खाडा करायची गरज पडत नाही.

पुसणं धुण्यापेक्षा महत्त्वाचं. टॉवेल दाबून टिपायचं, घासायचं नाही, आणि बेचक्या कोरड्या होईपर्यंत थांबायचं. आईच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बोटांच्या बेचकीत पांढरी, भिजलेल्या कागदासारखी कातडी होती आणि तिच्या तळाशी केसाएवढी भेग. ताप आणणारे जंतू तिथूनच शिरत होते. कारण निघालं जोडवी. सुजलेल्या बोटात ती रुतली होती, खाली कायम ओल. जोडवी काढायची म्हटल्यावर घरात आठवडाभर धुसफूस, सवाष्णीनं कशी काढायची म्हणून. शेवटी सोनाराकडून कापून घेतली आणि उजव्या पायात सैल घातली. बेचकीला क्लोट्रिमाझोल हे बुरशीवरचं मलम, सकाळ-संध्याकाळ, कातडी बरी दिसू लागल्यावरही दोन आठवडे. तेल, हळद-चुना बेचकीत नको. बिब्बा तर मुळीच नको. बिब्ब्याच्या फोडांतून पू झालेले दोन पाय आरोग्य केंद्रातच बघितले.

रात्री खाटेच्या पायथ्याकडच्या पायांखाली दोन-दोन विटा. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी मात्र आधी विचारावं. दिवसा बसल्या-बसल्या घोटा फिरवणं आणि भिंतीला धरून चवड्यांवर उभं राहणं, दहा-पंधरा वेळा. चप्पल रुंद, मऊ, पट्टा सैल, आणि अनवाणी शेतात जाणं बंद. महिन्यातून एकदा सकाळी उठल्याबरोबर टेपनं मोजायचं, घोट्याशी आणि त्याच्या वर १० व २० सेंटिमीटरवर, आणि तारीख टाकून वहीत. नजरेला फरक कळत नाही, टेपला कळतो. साबण, गॉज, मलम मिळून महिना दोन-अडीचशे रुपये. सूज पूर्ण गेली नाही, जाणारही नाही. दाबल्यावर खड्डा पडणारी सूज कमी होते, कातडी जाड झाल्यावरची फारशी नाही. बदल झाला तो तापाच्या झटक्यांत.

आषाढात, चिखलाच्या दिवसांत, एक झटका आला. हुडहुडी, पाय तापलेला, अवधाण. हे जंताचं नसतं, जंतूंचं (बॅक्टेरियाचं) असतं, म्हणून या वेळी डीईसी घ्यायची नाही. आडवं व्हायचं, पाय उंच, ओल्या गार फडक्याच्या घड्या, भरपूर पाणी, पॅरासिटामॉल, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात अँटिबायोटिकसाठी. गोळ्यांचा कोर्स ताप उतरल्यावरही पुरा करायचा. शेक, मालिश, पट्टी बांधणं आणि व्यायाम झटका ओसरेपर्यंत बंद. धुणं मात्र अलगद चालू.

पुरुषांतल्या अंडवृद्धीचं थोडक्यात: ती ऑपरेशननं बरी होते, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात मोफत. चुलत्यांनी लाजेपायी वर्षानुवर्षं धोतराखाली झाकली. लाज सोडून आशाताईंच्या यादीत नाव द्या, शिबिराची तारीख तिथूनच कळते. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्याशिवाय घेत नाहीत.

शेवटचं कागदांचं काम, दिव्यांग प्रमाणपत्र. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत हत्तीपाय असं वेगळं नाव नाही, म्हणून अर्ज चालण्यातल्या अडचणीच्या, म्हणजे अस्थिव्यंगाच्या गटात करावा लागतो. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, केंद्र शासनाच्या यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र), त्याला शुल्क नाही. सेवा केंद्रवाला फॉर्म भरायचे ५० ते १०० रुपये घेतो. आधार, रहिवासाचा पुरावा, फोटो आणि सही-अंगठा लागतो. सोबत हत्तीरोगाचा रुग्ण म्हणून आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतल्या नावाचा दाखला जोडा, त्याशिवाय टेबलावर ‘ही नुसती सूज आहे’ ऐकून परत यावं लागतं. तपासणी मंडळ ठरल्या वारीच बसतं, म्हणून निघण्याआधी फोन करून डॉक्टर येणार का ते विचारा. बहुतेक सवलतींना ४० टक्के लागतात. सुरुवातीची सूज असलेल्यांना तेवढे मिळतील अशी आशा धरू नये. टेपच्या मापांची वही आणि झटक्यांच्या वेळचे केसपेपर सोबत न्या. आईच्या वेळी मंडळातल्या डॉक्टरांनी तेच आधी मागितले. आणि जाताना साडीखाली घट्ट पट्टी बांधू नका, पाय उघडा करून दाखवावा लागतो.